ग्रेव्हीला भूक नव्हती

लॉर्ना प्रुइटने पेटीचं झाकण उघडलं आणि तिला आधी दिसला तो उंदीर. जिवंत, धट्टाकट्टा, पुढच्या दोन पायांनी मिशा साफ करत बसलेला. सापाच्या पेटीत उंदीर असा ऐटीत बसलेला दिसला की खुशाल समजावं, काहीतरी फार वाईट झालंय. उंदराचं झालेलं नाही, म्हणजे सापाचं झालंय.

तिने कोपऱ्यातली उपडी कुंडी उचलली. खाली ग्रेव्ही होती. बॉल पायथन जातीचे अजगर घाबरले की डोकं आत खुपसून चेंडू होतात, तशी ती चेंडू होऊन पडली होती. पाठीवर मात्र बोटभर रुंदीची कातडी गेली होती. जिथे तपकिरी नक्षी असायची तिथे लाल मांस होतं, आणि एका जागी काहीतरी पांढरं दिसत होतं. ते पांढरं काय असणार हे लॉर्नाला कळलं, पण तिने ते मनात म्हटलं नाही.

मग तिने पाण्याचं भांडं शोधलं. भांडं पेटीत नव्हतंच. ते स्वयंपाकघरात, सिंकशेजारी, घासूनपुसून पालथं घातलेलं होतं.

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रकचं इंजिन बंद करूनही अजून कानातली घरघर थांबली नव्हती, अंगात अजून वॉशिंग्टनच्या बर्फाचा गारठा होता, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे. ग्रेव्ही तिच्याकडे होती तेव्हापासून दोन नवरे आले आणि गेले. पहिल्याने जाताना टीव्ही नेला, कुत्रा नेला. ग्रेव्हीला हात लावायची मात्र त्याची छाती झाली नाही. लॉर्ना ट्रक घेऊन माल पोचवून परत आली की घरात एवढा एकच जीव असायचा जो तिला काही विचारायचा नाही, काही मागायचा नाही, नुसता तिच्या मनगटाभोवती ऊब घेत पडून राहायचा. त्याची ही दशा.

तिने चिमट्याने उंदीर धरला आणि बादलीत टाकला. तो बादलीच्या तळाशी जाऊन तिथला ओलावा चाटायला लागला. लॉर्नाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग एका झाकणात पाणी ओतून त्याच्यापुढे सरकवलं. उंदराचा काय दोष? तहान लागली की जो तो ओलं शोधतो. दोष ज्याचा होता ती व्यक्ती त्याच वेळी पुढचं दार ढकलून आत येत होती.

"आलीस का गं बाई! मी म्हटलं, चर्चमधून सरळ इकडेच यावं. गरम गरम आहे हं, हात लावू नकोस!"

लॉर्नाची थोरली बहीण, ट्वायला. रविवारचा निळा झगा, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेली काचेची डिश. ओक्लाहोमातल्या त्या एनिड गावात कुणाचं मूल जन्मलं, कुणाचं कंबरेचं हाड मोडलं, कुणी देवाघरी गेलं, की अॅम्ब्युलन्सच्या आधी ट्वायलाची डिश पोचायची. चिकन-भात, वर चीज, त्यावर चुरलेले बिस्किटाचे तुकडे. डिशच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर तिचं नाव, म्हणजे भांडं फिरून घरी यावं. गावात अशा तिच्या डिशा कायम कुठल्या ना कुठल्या दुःखी घरी असायच्याच. माणसाला रडू येतंय की राग येतोय की नुसतं पडायचंय, हे विचारण्याची पद्धत ट्वायलाकडे नव्हती. तिच्याकडे एकच प्रश्न होता, जेवलास का?

"ही डिश खाली ठेव," लॉर्ना म्हणाली. "आणि इकडे ये."

ट्वायला आली. तिने बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगंबाई! हे काय झालं?"

"हे तू मला सांग! पेटीत उंदीर कुणी सोडला?"

"मी... अगं, ती नोव्हेंबरपासून जेवली नाही, असं तूच म्हणालीस ना!"

"आणि पुढे काय म्हणाले? आठव. पुढे काय म्हणाले मी? हिवाळ्यात ह्या जातीचे साप जेवण सोडतात. महिनोन्‌महिने सोडतात. मी तिला दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवते, तिचं तोळाभर वजन घटलेलं नाही. तू खायला काही घालू नकोस, नुसतं पाणी बदल. नुसतं पाणी, ट्वायला! ह्यात न कळण्यासारखं काय होतं?"

"इतके दिवस उपाशी कोण राहतं गं?"

"साप राहतो! साप!"

"मी बघायचे तर रोज तशीच पडलेली. माझ्या जिवाला बरं वाटेना. आधी तुझ्या फ्रीझरमधले उंदीर बघितले, पण ते दगडासारखे! असलं गारढोण कोण खाईल? म्हटलं, ताजं असलं की जातील चार घास. दुकानातला माणूस म्हणाला, हा उंदीर छान आहे."

"छान आहेच! बघ ना, कसा पोटभर जेवलाय!"

ट्वायलाने तोंडावर हात ठेवला.

"फ्रीझरमधला उंदीर मी तसाच देते असं वाटलं तुला?" लॉर्नाच्या तोंडाचा पट्टा आता सुटला होता, आणि तो आवरायची तिची मुळीच इच्छा नव्हती. "आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये ठेवते. मग पिशवीत घालून गरम पाण्यात सोडते. अंगाला ऊब आली की चिमट्याने तिच्यापुढे धरते. हाताने नाही, चिमट्याने, कारण हाताला उंदराचा वास लागला की ती हातच धरते. आणि मेलेलाच देते. का? मेलेला उंदीर चावत नाही म्हणून! भूक नसलेल्या सापापुढे जिवंत उंदीर टाकला की साप त्याला खात नाही, तो सापाला खातो. आणि बॉल पायथन चावत नाही गं, भांडत नाही. नुसता गोळा होऊन सोसत राहतो. कधी टाकलास तो?"

"शुक्रवारी संध्याकाळी."

"शुक्रवारी! आज रविवार आहे!"

"काल येणारच होते मी. पण ओडेल मॅकनटच्या मयताचं जेवण होतं, सगळं माझ्यावरच. म्हटलं, तिला निवांत खाऊ दे."

"आणि पाण्याचं भांडं? भांडं का काढलंस?"

ट्वायलाचा आवाज अगदी बारीक झाला. "उंदीर त्यात उड्या मारून सगळा भुसा भिजवत होता. तूच बजावलं होतंस, भुसा ओला राहिला तर तिच्या पोटाला फोड येतात म्हणून."

सांगितलेल्या सगळ्या गोष्टींमधली एकच गोष्ट ह्या बाईने पाळली होती, आणि तीच नेमकी जिवावर बेतली होती. दोन रात्री त्या काचेच्या पेटीत, खालून गरम पॅड चालू, दोन जीव पाण्याच्या थेंबाशिवाय कोंडलेले. त्यातल्या एकाने दुसऱ्याची पाठ कुरतडली, ती भुकेनेही आणि तहानेनेही.

"गाडी काढ," लॉर्ना म्हणाली. "डॉक्टर ओक्लाहोमा सिटीला आहे. मी हिला पोटाशी धरून बसणार, तू चालव."

"डिश आत ठेवू का ओव्हनमध्ये?"

"ट्वायला!"

"बरं, बरं, घेते बरोबर."

ग्रेव्हीला उशीच्या अभ्र्यात घातलं, तोंडाला गाठ मारली आणि तो अभ्रा लॉर्नाने आपल्या कोटाच्या आत, पोटाशी धरला. एरवी अभ्र्यात घातलं की ग्रेव्ही फिरायची, कोपरे हुंगायची. आज तिचं नुसतं वजन लागत होतं. मागच्या सीटवर चिकन-भाताची डिश, काचा बंद, हीटर चालू. गाडीभर चीजचा वास कोंदला होता. हायवेच्या दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं बर्फाच्या पातळ थराखाली पडली होती आणि ट्वायला पंचेचाळीस मैलांच्या वर काटा जाऊ देत नव्हती.

"गाडी चालवतेयस की प्रेतयात्रा?"

"रस्ता निसरडा आहे गं. आणि तू अशी ओरडलीस की माझं लक्ष उडतं." ट्वायलाला गप्प बसणं जमतं का? "लॉर्ना, सकाळपासून काही खाल्लं नसशील तू. मागे पिशवीत चमचा आहे. चार घास खाऊन घे. रिकाम्या पोटी राग जास्त येतो."

बस्स. तेवढंच बाकी होतं.

"मला भूक नाही!" लॉर्ना इतक्या जोरात ओरडली की ट्वायलाने दचकून ब्रेक दाबला आणि गाडी जराशी घसरली. "नाही म्हणजे नाही! एखाद्याला भूक नसते, हे तुझ्या टाळक्यात कधी शिरणार? मी नाही म्हणाले की तू वाढणार. ग्रेव्ही नाही म्हणाली की तू दुकानातून ताजं आणणार. आणि आई? आई नाही नाही म्हणत भिंतीकडे तोंड फिरवायची, तरी तू चमचा घेऊन तिच्या मागे! नर्सने काय सांगितलं होतं? अन्न आता तिला झेपत नाही. ओठ ओले करा, हात धरून बसा. एवढंच सांगितलं होतं तिने. आणि तू? मी दारात उभी होते, ट्वायला. तो चमचा तिच्या दातांवर वाजताना मी ऐकलाय. मग तिला ठसका लागला, मग छाती भरली. डॉक्टर म्हणाले, जाणारच होत्या. हो, जाणारच होती. पण ठसकत जायची गरज नव्हती तिला!"

आई एप्रिलमध्ये गेली तेव्हापासून हे वाक्य लॉर्नाच्या घशात अडकून होतं. मयताच्या जेवणात, चाळीस बायकांच्या डिशांपुढे उभं राहून तिने ते गिळलं होतं. त्यानंतर कितीतरी राज्यं ओलांडताना, ट्रकच्या केबिनमध्ये एकटीच मोठमोठ्याने बोलून तिने त्याला धार लावली होती. आता ते बाहेर पडलं, आणि तिला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही. राग होता तिथेच होता.

ट्वायला रडली नाही. तिने फक्त दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, आणि काटा साठवर गेला, मग सत्तरवर.

डॉक्टर हार्जो साप-सरड्यांची डॉक्टर, तिशीतली, केसांची घट्ट वेणी. रविवार असूनही फोन आला म्हणून मुद्दाम येऊन बसली होती. तिने अभ्रा सोडला, पाठ बघितली, आणि मान वर न करता विचारलं, "जिवंत घातला होता ना?"

लॉर्नाने तोंड उघडलं. "हिने" हा शब्द जिभेवर होता.

"मी घातला," ट्वायला आधीच म्हणाली. "माझ्या बहिणीने नको म्हणून सांगितलं होतं. आणि पाण्याचं भांडंही मीच काढलं. हिला काही बोलू नका."

डॉक्टरने तिच्याकडे एकदा बघितलं. तिने ग्रेव्हीच्या मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी परत खाली बसली नाही, तशीच उभी राहिली.

"हे बघा. जखम मी शिवते. मणक्याला टोचा लागलाय, पण मणका शाबूत आहे. जखमेने ती मरणार नाही. मेली तर तहानेने मरेल. आतून पार सुकलीये." तिने हातमोजे चढवले. "खायला काही घालायचं नाही. महिनाभर उंदराचं नावसुद्धा काढायचं नाही. आत्ता पोटात अन्न गेलं तर ते पचणार नाही, आतच कुजेल. सकाळ-संध्याकाळ टबमध्ये कोमट पाणी घ्यायचं, तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसं मनगटावर बघून. पोटापुरतंच पाणी, टाके भिजता कामा नयेत. आणि तिला एकटीला सोडून उठायचं नाही. अंगात त्राण नाही, डोकं खाली गेलं तर बोटभर पाण्यातसुद्धा बुडेल. मी टोचून थोडं पाणी अंगात घालते, पण ती आपल्या तोंडाने प्यायली की मग मी म्हणेन, जगली. दोन दिवसांत प्यायली नाही, तर मला फोन करा."

त्या फोनचा अर्थ काय ते तिघींनाही कळलं.

घरी आल्यावर दारात ट्वायला म्हणाली, "मी थांबते. आळीपाळीने बसू."

"काही गरज नाही. तुझा हात लागला तेवढा पुरे झाला."

ट्वायला डिश फ्रिजमध्ये ठेवून गेली. तिने आपणहून डिशवर झाकण घातलं आणि एकदाही खा म्हणाली नाही, हे लॉर्नाच्या लक्षात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

त्या संध्याकाळी ग्रेव्ही प्यायली नाही. टबच्या कडेला हनुवटी टेकवून पडून राहिली, डोळ्यांत तेज नाही, जीभ बाहेर नाही. सोमवारी सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. लॉर्ना टबशेजारी फरशीवर बसून राहायची, पाणी निवलं की किटलीतलं थोडं थोडं मिसळायची. माल पोचवायचा फोन आला, तिने सरळ नाही सांगितलं. "पी गं माझे बाई," ती म्हणायची. "दोन घोट. तुला कोण आग्रह करतंय? पण दोन घोट पी." आणि आपणच हे म्हणतोय हे ऐकून तिला स्वतःचीच चीड यायची.

मंगळवारी सकाळी तिला जाग आली ती बाथरूमच्या भिंतीला टेकलेल्या मानेत कळ आली म्हणून. ग्रेव्ही पाण्यात होती आणि आपला डोळा लागला होता! ती ताडकन उठली.

टबशेजारी ट्वायला बसली होती. घरातले कपडे, बाह्या वर दुमडलेल्या, एक हात पाण्यात, तळव्यावर ग्रेव्हीची हनुवटी.

"काय करतेयस? काय दिलंस तिला?"

"काही नाही दिलं गं," ट्वायला हळूच म्हणाली. "मी आले तेव्हा तू झोपलेली आणि हिचं डोकं खाली घसरत होतं. म्हणून धरलंय नुसतं. पाणी दोनदा बदललं, मनगटावर बघून."

लॉर्नाने बघितलं. ट्वायलाच्या बोटांची कातडी पाण्याने पांढरी होऊन सुरकुतली होती, म्हणजे ती बराच वेळ तशीच बसली होती. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, थंड फरशीवर. लॉर्नाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ट्वायला कुजबुजली, "लॉर्ना, बघ."

ग्रेव्हीने हनुवटी पाण्यात टेकवली होती. गळ्याखालची कातडी आत गेली, बाहेर आली. पुन्हा आत गेली, बाहेर आली. कुठे आवाज नाही, घाई नाही. ती पीत होती. दोघीही श्वास रोखून बघत राहिल्या. प्यायली, थांबली, आणि पुन्हा प्यायली. मग तिने डोकं उचललं आणि रविवारपासून पहिल्यांदाच जीभ बाहेर काढून ट्वायलाच्या मनगटाचा वास घेतला.

लॉर्ना टबाच्या कडेवर बसली.

"तिला भूक नव्हती ना गं?" ट्वायलाने विचारलं.

"कितीदा सांगू? नव्हती. हिवाळ्यात नसतेच."

"मी ग्रेव्हीचं नाही विचारत."

लॉर्नाजवळ उत्तर तयार होतं. एप्रिलपासूनच तयार होतं. ती ट्वायलाच्या हाताकडे बघत राहिली.

"नव्हती," ती म्हणाली. "आईला भूक नव्हती, ट्वायला. तू भरवत होतीस म्हणून ती तोंड उघडत होती. तुझं मन मोडवत नव्हतं तिला."

ट्वायलाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ग्रेव्हीच्या हनुवटीखालचा हात तिने हलवला नाही.

"मग मी करायचं तरी काय होतं? रोज बघत होते तिला, थोडी थोडी कमी होताना. तू ट्रकवर. घरात मी एकटी. नुसतं बसून राहायचं?"

"हो. नुसतं बसायचं. आत्ता बसलीयेस तसं."

"तेवढं कुणी मला शिकवलंच नाही गं."

लॉर्नाचा राग अजून होता. तो एका सकाळीत जाणारा नव्हता, आणि तिला तो घालवायचाही नव्हता. पण तेवढ्यात तिच्या पोटाने असा काही आवाज केला की बाथरूमभर ऐकू गेला. ट्वायलाने झटकन मान वर केली. तिचे डोळे स्वयंपाकघराकडे गेले, गुडघा फरशीवरून उचलला गेला, ओठ उघडले. मग तिने ओठ मिटले, गुडघा परत खाली टेकवला आणि ग्रेव्हीकडे बघत बसून राहिली.

लॉर्ना उठली. आपणच स्वयंपाकघरात गेली, फ्रिजमधून ती डिश काढली, बुडाला ट्वायलाच्या नावाची चिकटपट्टी होती तीच. चमचा घेऊन ती बाथरूमच्या दारात आली आणि उभ्या उभ्याच तसाच गारढोण चिकन-भात खायला लागली.

"मीठ कमी आहे," ती घास तोंडात असतानाच म्हणाली.